आखाजीचा पासवर्ड

आमच्या घराण्यात पासवर्ड ही वस्तू मी आणली. त्याआधी आमच्याकडे कडी होती, कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली कोणत्या कोनाड्यात असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी कधी काही चोरीला गेलं नाही. चोरी होत नव्हती म्हणून बंदोबस्त नव्हता. मी मात्र उलटं धरून बसलो होतो की, बंदोबस्त नाही म्हणजे आता चोरी होणारच.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मी जळगावला केळीच्या वॅगनी भरून पाठवणाऱ्या एका संस्थेत कारकून होतो. तिथे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, खोलीला काचेचं दार, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. नारळ फुटला, मशीनला हळदकुंकू लागलं, आणि ते चालवायला माझी निवड झाली, कारण मी टायपिंगची परीक्षा पास होतो आणि साहेबांना उलट प्रश्न विचारत नसे. शिकवायला पुण्याहून एक माणूस आला होता. त्याने मला पासवर्डचे नियम सांगितले. कोणाला सांगायचा नाही. कुठे लिहायचा नाही. दर महिन्याला बदलायचा. आणि तीनदा चुकला की मशीन बंद, मग दुसऱ्या दिवशीच या.

माझ्या आयुष्यात तोवर मला एकट्यालाच ठाऊक असलेली एकही गोष्ट नव्हती. माझा पगार, माझी पोटदुखी, माझ्यासाठी आलेली स्थळं, सगळं सार्वजनिक. त्यामुळे ह्या पासवर्डने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी काचेच्या दाराआड बसून एका बोटाने अक्षरं शोधत असे आणि पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटत. बाहेरून मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, बघत असले की मी मान आणखी खाली घालत असे. तिजोरीचा मालक असल्यासारखा वागत होतो म्हणा ना.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. आमचं खेडं पहूरजवळचं, आणि तिला दिली ती पार तिकडे, धुळ्याच्या अलीकडे, पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात. म्हणजे जिल्हा बदलला आणि बोलीही बदलली. तिच्या सासूला सगळा गाव अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. उंच, हडकुळी, कमी बोलणारी बाई. तिला एक लेक होती, शिरपूरकडे दिलेली. पण ती लग्नालासुद्धा आली नव्हती. सासरचे पाठवत नाहीत, एवढंच कोणीतरी म्हणालं, आणि लग्नाच्या घाईत आम्हीही पुढे विचारलं नाही.

संक्रांतीला मी तीळगूळ आणि बहिणीसाठी लुगडं घेऊन तिच्या सासरी गेलो. जेवणं झाल्यावर बहिणीच्या सासऱ्यांनी एक हकिकत सांगितली. कुठल्याशा गावात एक माणूस मूळ म्हणून आला. आमच्याकडे लेकीला सासरहून माहेरी न्यायला जो येतो, त्याला मूळ म्हणतात. हा म्हणाला, ‘मी मुलीच्या मामाचा साडू, तिची आई आजारी आहे, मला पाठवलंय.’ घरच्यांनी त्याला जेवू घातलं, पोरीला अंगावर दागिने घालून त्याच्याबरोबर लावून दिलं. धुळ्याच्या स्टँडवर तो म्हणाला, ‘गर्दी आहे, दागिने काढून पिशवीत ठेव.’ मग म्हणाला, ‘तू पाणी पिऊन ये, मी पिशवी धरतो.’ ती पाणी पिऊन आली, तर ना माणूस ना पिशवी.

अक्का चुलीपाशी होती. ती निखारे सारत राहिली. बोललो मी.

आता मागे वळून बघितलं की वाटतं, त्या वेळी कोणी माझ्या तोंडात तिळाचा लाडू कोंबायला हवा होता. पण कोणी कोंबला नाही, आणि मी सगळ्यांना ऑथेंटिकेशन समजावून सांगितलं. म्हटलं, तोंडावर जाऊ नका, तोंड काय कोणीही घेऊन येईल. शब्द ठरवा. मी नोकरीवाला माणूस, आखाजीच्या सणाला रजा मिळेल न मिळेल. वडिलांचे गुडघे गेलेले. भाऊबंदांतला कोणीही येईल. जो शब्द सांगेल तोच खरा मूळ. शब्द कोणाला सांगायचा नाही, लिहायचा नाही, चारचौघांत फुटला तर टाकून द्यायचा. आणि तीनदा चुकला की त्या दिवशी लेक पाठवायची नाही, मग समोर कोणीही असो.

‘कोनीबी?’ अक्काने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

‘कोणीही,’ मी म्हणालो. ह्या एका शब्दाचा मला पुढे फार त्रास झाला.

शब्द बहिणीने निवडला. तिने आमच्या म्हशीचं नाव सांगितलं. ही म्हैस तिच्याच हातची होती. बहिणीच्या लग्नानंतर बरेच दिवस म्हैस दुसऱ्या कोणाला आचळाला हात लावू देईना, आई रडकुंडीला आली होती. नाव सांगताना बहिणीचे डोळे भरले. मी म्हणालो, ‘झकास, कोणाला सुचणार नाही.’ मला तेवढंच दिसलं.

जळगावला परत आलो आणि शहाणपणाचं दुसरं पाऊल टाकलं. आधीच एक चांगला शब्द आहे, तर ऑफिसात वेगळा कशाला? मशीनलाही म्हशीचंच नाव दिलं. पुढच्या महिन्यात बदलायची वेळ आली, तर गाईचं. त्याच्या पुढच्या महिन्यात वासराचं. मग बैल लागले. अशा रीतीने मी आमचा गोठा एकेक करून केळीच्या वॅगनीला जुंपला आणि ह्या कल्पकतेवर बेहद्द खूश राहिलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझे बैल रिकामे नव्हते एवढंच.

आखाजी जवळ आली. बाकीच्या महाराष्ट्राला ती अक्षय्य तृतीया. आमच्याकडे तो लेकींचा सण. पितरांची घागर भरायची, घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, कडूनिंबाला झोके टांगायचे, आणि सासरी गेलेल्या यच्चयावत पोरींनी माहेरी येऊन त्या झोक्यांवर गाणी म्हणत बसायचं. पुरुषांना त्या दिवशी पत्ते कुटण्याखेरीज काम नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक आली नाही, तर आई घरात तोंड लपवून बसते. आमच्या आईने आठ दिवस आधीच निंबाला दोर बांधून घेतला होता आणि रोज तो ओढून बघत होती.

मला अचानक रजा मिळाली. म्हटलं, मीच जातो. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून उन्हं चढायच्या आत बहिणीच्या दारात पोहोचलो.

बहीण ओसरीच्या दाराआड तयार उभी होती. नवं लुगडं, हातभर बांगड्या, पायाशी बोचकं. मला बघून ती अशी हसली की प्रवासाचा शीण गेला. अक्काने पाणी दिलं, गूळ दिला, आईची तब्येत विचारली, वडिलांचे गुडघे विचारले. मग पदर सारखा करून माझ्यासमोर उभी राहिली.

‘शब्द बोल, भाऊ.’

मी हसलो. ‘अक्का, मीच आहे. ओळखलं नाही का?’

‘वळखं, कसं नही! पन तूच सांगेल व्हतं, तोंड दखीसन भरोसा ठेवाना नही.’

मी पुन्हा हसलो. ती हसली नाही. तेव्हा मी घसा साफ केला, ऐटीत तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा सगळा गोठा उभा राहिला. म्हैस, गाय, कालवड, बैल. सगळी माझ्याकडे बघत रवंथ करत होती. त्यातलं कोणतं?

‘कपिली,’ मी म्हणालो.

‘नही.’

दाराआडून बहिणीचं हसू ऐकू आलं. मी म्हणालो, ‘थांबा, थांबा. चांदी!’

‘नही. दोन व्हयनात. आते एकच राहिनं.’

आता दाराआडून हसू आलं नाही. बहीण दारात आली. ‘दादा,’ ती म्हणाली, ‘तू माझीच...’ आणि अक्काने तिच्याकडे नुसतं बघितलं, तशी ती तोंडावर पदर धरून आत वळली. तिला शब्द ठाऊक होता, अक्काला ठाऊक होता, आणि मी, ज्याने हे सारं शास्त्र ह्या घरात आणलं, तो खांबाला टेकून घाम पुसत होतो. माझ्यावर माझाच इतका संताप आला की काय सांगू. आई तिकडे दोर ओढून बघत असेल. लेक इकडे बोचकं बांधून उभी आहे. आणि मधे मी, अडसरासारखा.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. गावाच्या स्टँडवर एसटीडीचं पिवळं खोकं लागलं होतं. संक्रांतीच्या महिन्यात ऑफिसच्या मशीनचा पासवर्ड हाच होता. मशीनमधून तो परत दिसत नाही, पण माझ्या टेबलाच्या आसपास काही खुणा सापडतील, मोठ्या बाबूंना काही आठवेल, असं काहीतरी. बुडत्याला काडीचा आधार. मी धावत जाऊन फोन लावला.

स्टँडवर सणाची गर्दी. लाइन अशी की ओरडल्याशिवाय पलीकडे पोहोचत नव्हतं, आणि पलीकडचं बोलणं मात्र रिसीव्हरच्या बाहेर पडून रस्त्यापर्यंत जात होतं. मी ओरडलो, ‘बाबू, माझा संक्रांतीतला पासवर्ड काय असेल, काही अंदाज?’

मोठे बाबू म्हणाले, ‘अंदाज कशाला? संक्रांतीतला म्हणजे... थांबा हो.’ मग त्यांनी ऑफिसात हाक दिली, ‘अरे, संक्रांतीला यांचं काय चालू होतं?’

आणि चार आवाज एकदम आले, ‘हौशी!’

‘हौशी हो,’ मोठे बाबू म्हणाले. ‘त्यानंतर कपिली, मग चांदी. आता सर्जा चालू आहे. बैल लागले ना आता.’

 मी विचारलं, ‘पण तुम्हाला कसं...’

‘अहो, तुम्ही टाइप करताना एकेक अक्षर तोंडाने म्हणता ना. काच आहे म्हणून आवाज थांबतो असं वाटलं होय तुम्हाला? तुम्ही रजेवर गेलात की तुमचं काम आम्हीच तर उरकतो.’

खरंच, मी रजेवरून आलो की काम झालेलं असायचं. मी ते आजवर कॉम्प्युटरच्या गुणाला लावत होतो.

फोन ठेवून वळलो, तर सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता. खोकंवाला म्हणाला, ‘हौशी ना? सापडनं, बरं व्हयनं.’ मी सुटलो तो थेट अक्काच्या घराकडे. पण वाईट बातमीला पाय असतात आणि मजेच्या बातमीला सायकल. वाटेत एका ओट्यावरून दोन बाया म्हणाल्या, ‘हौशी, हौशी!’ एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हैस विकायची आहे का. मी दारात पोहोचलो तेव्हा शेजारीण अक्काशी बोलून निघत होती आणि तोंड दाबून हसत होती.

‘हौशी,’ मी म्हणालो.

‘बरोबर शे,’ अक्का म्हणाली. ‘पन आते तो शब्द बठ्ठा गावना व्हयना. फुटना शब्द टाकी देवाना. तूच सांगेल व्हतं.’

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. समोरून येणारा प्रत्येक शब्द माझाच होता. बहीण आतून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, ‘हौशीला विसरलास, दादा? मी तिला एक दिवस विसरले नाही रे.’ आणि रडायला लागली. शब्द विसरला ह्याचा मला संताप येत होता, पण हे ऐकून फार वाईट वाटलं. सोय म्हणून मी जो शब्द ऑफिसात फिरवला, तो तिचं माहेर होतं.

अक्काने आमच्या दोघांकडे बघितलं. मग आत गेली. मला वाटलं संपलं. ती बाहेर आली ती पायात वहाणा घालून, काखेत पिशवी घेऊन.

‘चाल,’ ती सुनेला म्हणाली. ‘मीच येसू संगे. तुना मायना हातमा देसू.’

बहिणीचे सासरे बघतच राहिले. आखाजीला सासू सुनेला माहेरी पोहोचवायला निघाली आहे, असं त्या गावात कोणी ऐकलं नव्हतं. स्टँडवर लोक आम्हाला वाट देत होते. एकाने मागून ‘हौशी’ म्हटलं, तर अक्काने वळून बघितल्यावर तो दिसेनासा झाला.

गाडीत बहीण खिडकीपाशी, मधे अक्का, कडेला मी. पारोळा मागे पडला. एरंडोल आलं. मग समोर बघतच अक्का म्हणाली, ‘मन्ही आंडेरले असंच लई गयथा एक जन. तुन्ही मायनी धाडं, म्हने.’

आंडेर म्हणजे लेक. संक्रांतीला सासऱ्यांनी जी गोष्ट कुठल्याशा गावाची म्हणून सांगितली, ती कुठल्याशा गावाची नव्हती. ती शिरपूरकडे दिलेल्या अक्काच्या लेकीची होती. दागिने सासरचे होते. पोर स्टँडवरून एकटीच, रडत, सासरी परत गेली. सासरचे म्हणाले, तुझ्या आईच्या नावाने आला होता, भरपाई तुझ्या आईने करावी. आणि त्यानंतर त्यांनी तिला पाठवणंच बंद केलं. भाऊ न्यायला गेला, तर ‘आम्ही एकदा फसलो, आता कोणाबरोबर पाठवणार नाही’ म्हणून दारातून परत लावला. सख्ख्या भावाला! तेव्हापासून अक्काच्या अंगणातल्या निंबाला आखाजीचा झोका नव्हता.

‘मी दखी राहिंतू,’ अक्का म्हणाली, ‘तुना शब्द टिकस का. टिकना तर तठेबी लाई देतू.’

म्हणजे चार महिने ही बाई, टिकली तर हीच रीत लेकीच्या सासरीही लावायची म्हणून, माझ्या बढाईचा एकेक नियम धरून बसली होती. मी तो शब्द मशीनमध्ये वापरून टाकून दिला, आणि तिने आपल्या लेकीसाठी सांभाळून ठेवला. मी गाडीच्या पत्र्याकडे बघत बसलो. माझ्यासारख्या माणसाला लाज वाटायलाही एरंडोल ते जळगाव एवढा रस्ता लागतो.

संध्याकाळी आमच्या खेड्यात उतरलो. आई दारातच होती. अक्काने बहिणीला हाताला धरून पुढे केलं. विहिणीला आमच्याकडे याहीन म्हणतात. अक्का म्हणाली, ‘ल्या याहीन, तुमनी आंडेर. पारखी ल्या.’ आईला काही कळलं नाही. तिने आधी लेकीला जवळ घेतलं, मग अक्काचा हात धरला, म्हणाली, ‘उभ्या काय राह्यल्या, घरात या ना.’ बहीण मात्र घरात न शिरता आधी गोठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या निंबाखाली बसून आमच्या पोरींचे झोके बघत होती. झोक्यावर बसायचा आग्रह झाला, तरी बसली नाही.

निघताना तिने मला बाजूला घेतलं. ‘मन्ही आंडेरना सासरे येशी? ती शब्दनी रीत लाई दे तठे. बठ्ठं समजाडी सांग. पन शब्द तुले सांगाव नही.’

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर शिरपूरकडे गेलो. तिच्या लेकीच्या सासरी सगळे नियम पुन्हा सांगितले, ह्या वेळी आवाज जरा बारीक ठेवून. ते लोक ऐकून घेत राहिले. त्यांचा विश्वास गेला होता की मान गेला होता, कोण जाणे. पण शहरातून आलेल्या ह्या नव्या रीतीने त्यांना मागे यायला वाट मिळाली. मान न घालवता हो म्हणता येतं म्हटल्यावर ते हो म्हणाले. मग शब्द ठरवायची वेळ आली आणि त्या घरच्या सासूने मला विचारलं, ‘तुम्ही जरा बाहीर बसतस का?’ मी बाहेर बाजेवर जाऊन बसलो. आत तीन बायका कुजबुजत होत्या.

पुढच्या आखाजीला मी बहिणीला न्यायला गेलो. अक्काने मला शब्द विचारला नाही. म्हणाली, ‘तुले माफ.’ बहीण बोचकं घेऊन तयार होती, पण अक्का म्हणाली, थोडा थांब. अंगणातल्या निंबाला नवा दोर होता. आम्ही थांबलो. उन्हं कलती झाल्यावर अक्काच्या मुलाबरोबर, म्हणजे माझ्या मेहुण्यांबरोबर, शिरपूरच्या गाडीतून तिची लेक आली. अंगणात शिरताना ती धावतच होती, पण दारात अक्का आडवी उभी राहिली.

‘शब्द बोल,’ ती स्वतःच्या लेकीला म्हणाली.

लेक थबकली, हसली, आणि पुढे होऊन तिने आईच्या कानाशी तोंड नेलं. अक्काने डोळे मिटले. मग दार सोडलं, आणि लेकीला धरून ती मोठ्याने रडली. मी निंबाखाली बहिणीचं बोचकं धरून उभा होतो. तो शब्द काय होता, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.